हजामत झाली, पाणी भरा

माझी बदली गडचिरोलीला झाली तेव्हा ब्रह्मपुरीत माझ्या आईने पेढे वाटले. आधी जम्मू झालं, मग मणिपूर झालं, आता पोरगा दारात आला असं तिला वाटलं. नकाशावर ते खरंही होतं. वैनगंगा ओलांडायची, गडचिरोली गाठायची आणि तिथून छत्तीसगडच्या अंगाने पूर्वेला जात राहायचं. पण जम्मूहून मी जितक्यांदा घरी आलो तितक्यांदा इथून आलो नाही. रस्त्याने एकट्याने जायची परवानगी नव्हती आणि हेलिकॉप्टर माझ्या सुट्टीसाठी उडत नव्हतं.

मी निमलष्करी दलात हवालदार होतो. काम वायरलेसचं. आमच्या कंपनीचा कॅम्प एका गावाच्या कडेला होता. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं लोक अजून राहतात आणि त्यांना दोन्ही बाजूंनी पुरेसा त्रास झालेला आहे. काटेरी तारेचं कुंपण, वाळूच्या पोत्यांचे मोरचे, पत्र्याच्या चार बराकी, एक वॉच टॉवर. सकाळी रोड ओपनिंग पार्टी निघायची. म्हणजे रस्ता पायी तपासत जायचं, पुलाखाली, मोरीखाली सुरुंग आहे का ते बघायचं. ती परत आली की जेवण, शस्त्रांची सफाई, हजेरी, गार्ड ड्यूटी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

निवृत्त झाल्यावर लोक मला विचारतात, किती मारले? मी सांगतो की नोकरीचा बहुतेक वेळ वाट बघण्यात जातो. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. कोणी पत्ते कुटत वाट बघतो, कोणी फोनवर बायकोशी भांडत, अर्थात टॉवरवर चढून रेंज मिळाली तर. आम्ही तिघे शब्दकोडी सोडवत वाट बघायचो.

तिघांतला पहिला रफीक शेख. घुग्घुसचा. कोळशाच्या खाणींचं गाव, तिथं त्याच्या वडिलांचं सलून होतं. सलूनमध्ये पेपर येतो आणि पेपरात कोडं येतं. गिऱ्हाईक नंबर येईपर्यंत कोडं भरायचं आणि नंबर आला की अर्धवट टाकून खुर्चीत बसायचं. उरलेलं रफीक पुरं करायचा. दुसऱ्याने चुकीची भरलेली अक्षरं खोडायची नाहीत, ती सांभाळून पुढे जायचं, असा त्याचा नियम होता. असल्या तालमीत तयार झालेल्या माणसाला साधी कोडी पांचट वाटतात. पेपरातली नदी, राजधानी, देवाचं नाव असली कोडी तो चहा निवायच्या आत संपवायचा.

दुसरा पवार, साताऱ्याचा. बी.ए. मराठी. ट्रंकेत शब्दकोश घेऊन फिरणारा मी पाहिलेला एकमेव जवान. किट इन्स्पेक्शनच्या वेळी तो कोश चादरीखाली जायचा.

तिसरा मी, मेश्राम. माझ्याकडे कोशही नव्हता आणि सलूनही नव्हतं. वायरलेस रूममध्ये पंखा होता, म्हणून ते दोघे माझ्याकडे यायचे.

पेपर एसटीने यायचा, तोही शिळा आणि कधी गठ्ठ्याने. त्यातल्या एका पुरवणीत गूढ कोडं असायचं. ज्यांनी ते कधी सोडवलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या कोड्यात शोधसूत्र खरं बोलतं. गूढ कोड्यात ते थाप मारतं, पण प्रामाणिकपणे मारतं. उदाहरणार्थ, ‘उलटं काम केलं की कणीस येतं, दोन अक्षरं’. मी शेतीवर डोकं खाजवत बसलो. पवार म्हणाला, “काम उलटं लिही की लेका.” मका. त्या दिवसापासून मी बिघडलो.

मग आम्ही आपापली शोधसूत्रं करू लागलो. पवारचं होतं, ‘हरणाचं डोकं उडवलं की लढाई’. उत्तर रण. रफीकचं, ‘उलटी वाहिली तर गरीब’. उत्तर नदी, उलटी केली की दीन. त्याचंच दुसरं, ‘ओंजळ उलटली की डसते’. यावर आम्ही दोन जेवणं घालवली. ओंजळभर म्हणजे पसा, उलटा केला की साप. पवारने त्याला सॅल्यूट ठोकला आणि वर चार शिव्याही दिल्या.

मी घाबरत घाबरत माझं पहिलं सूत्र मांडलं, “शेताच्या कडेची जबाबदारी. दोन अक्षरं.”

रफीकला लगेच सुटलं. पवार अडला. जबाबदारी म्हणजे धुरा इथवर तो आला, पण शेताच्या कडेला काय ते त्याला कळेना.

“आमच्याकडं त्याला बांध म्हनत्यात,” तो म्हणाला. “धुरा हा गाडीचा असतो, न्हाय तर राज्याचा.”

“आमच्या इकडे शेताचा असते,” मी म्हटलं. “धुऱ्यावरून भांडणं होते, कोर्टात जाते लोक.”

“माझ्या कोशात न्हाय. कोशात नसलेला शब्द चालायचा न्हाय.”

रफीक खिडकीत बसला होता. तो म्हणाला, “तुह्या कोशात मी बी नाई. मंग मी नाई का?”

पवारने कोश मिटला. त्यानंतर आमच्यात इकडचे शब्द चालू लागले, अट एकच, की निदान एका गावात तो शब्द जिवंत असला पाहिजे. पवारला त्याचा छंदच लागला. गावात जाऊन तो म्हाताऱ्यांना वस्तू दाखवून नावं विचारायचा. पाण्याला गोंडीत येर म्हणतात हे त्याने तिथंच ऐकलं. धानाच्या तुकड्याला आम्ही बांधी म्हणतो आणि धानाला पाणी द्यायला खणलेल्या लहान तलावाला बोडी, हे त्याला माझ्याकडून कळलं. गावामागे मोहाच्या झाडांपाशी तशी एक होती, तीच मी त्याला दाखवली. बोडी ऐकून तो खो खो हसला.

“आरं, बोडी म्हंजी भादरलेलं डोकं. तुमी डोक्यात पानी साठवता व्हय?”

“तुमी काय साठोता?” रफीकने विचारलं.

कंपनी कमांडर साहेब हरियाणाचे. चांगले अधिकारी होते, मराठी मात्र कामापुरती. एकदा दुपारी रफीक टॉवरवर ड्यूटीला होता. सेटवरून त्याचा आवाज आला, “हाच उलटा करून वर पाठवा. ओव्हर.” मी मेसमध्ये निरोप दिला आणि वर चहा गेला. साहेब दारातच उभे होते.

“ये कौन सा कोड है?”

“साब, चाय.”

रफीकला आणि मला आठवडाभर वाळूची पोती भरायची शिक्षा झाली. साहेबांचं बरोबर होतं. सेट म्हणजे गंमत नव्हे. त्यातून मागच्या एका चकमकीत आमच्या दलाचा एक सेट समोरच्यांच्या हाती लागला होता आणि ते आमचं बोलणं ऐकतात हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच ठिकाणांची नावं सेटवर घ्यायची नाहीत, असा हुकूम होता. त्यासाठी रोज बदलणारं कोड कार्ड होतं, ते पार्टी कमांडरच्या खिशात असायचं.

धान कापून झालं होतं. बांध्या कोरड्या पडल्या होत्या. त्या सकाळी रोड ओपनिंग पार्टी नेहमीसारखी निघाली. पार्टी कमांडर सब-इन्स्पेक्टर यादव, अबोल माणूस, रोज सकाळी बूट दोनदा बांधायचे. रफीकच्या पाठीवर सेट. पवार मागच्या सेक्शनमध्ये. मी वायरलेस रूममध्ये होतो. सुरुवातीचे दोन्ही रिपोर्ट ठीक आले.

मग स्फोटाचा आवाज आला. तो सेटवरून नाही, थेट कानांनी ऐकू आला. पत्रे थरथरले. पाठोपाठ फायरिंग.

साहेब धावत आले. माईक त्यांनी स्वतः घेतला. “पापा वन, पापा वन, रिपोर्ट. ओव्हर.” उत्तर नाही. बाहेर रिलीफ पार्टी गोळा होत होती. कोणी बूट बांधत होतं, कोणी मॅगझिन भरत होतं. स्फोट रस्त्यावरच्या रपट्याच्या, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलाच्या बाजूने झाला होता, म्हणून पार्टी रस्त्याने धावत जाणार होती. दुसरा विचार करायला वेळ नव्हता.

पुन्हा हाक दिली. खरखर आली आणि तिच्यात रफीकचा आवाज. धापा टाकत होता, पण शब्द स्पष्ट होते.

“यादव साब हिट. कार्ड नहीं. रोड छोड दिया.”

“लोकेशन बताओ. ओव्हर.”

जरा वेळ नुसती खरखर. मग तो मराठीत बोलला, “मेश्राम भाऊ, आयक. हजामत झाली, पाणी भरा. दोन अक्षरं. ओव्हर.”

त्यानंतर सेट बंद पडला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “हजामत हो गई मतलब? पिट गए?”

“साब...”

“पानी मांग रहा है. और दो क्या? दो गए?” मराठी न समजणाऱ्या माणसाने याहून वेगळं काय ऐकायचं? मराठी समजणाऱ्यानेही तेच ऐकलं असतं. पार्टीची धुलाई झाली, पाणी पाहिजे, दोन माणसं पडली. शेजारच्या ऑपरेटरने तसंच लिहून घेतलं. साहेब दाराकडे वळले आणि रिलीफ पार्टीला म्हणाले, “पानी के जेरीकॅन उठाओ. रोड से चलो.”

मी जागेवरून हललो नाही. मला ‘दोन अक्षरं’ हे शब्द सोडत नव्हते. मरणाच्या दारात माणूस पाणी मागेल, पण पाणी मागताना अक्षरं मोजणार नाही. तो मला कोडं घालत होता. हजामत झाली की डोकं काय होतं? पाणी कुठे भरतात? सुटायला वेळ लागला नाही. उठून सांगायलाच जास्त लागला, कारण काय सांगणार होतो हे माझं मलाच ऐकू येत होतं.

“साब, रोड से नहीं. वो बोडी पे हैं. गाव के पीछे, मोह के पेडों के पास.”

“उसने कब बोला?”

“वही बोला, साब. शब्दकोडं है.”

साहेबांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं त्यांनी आधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. बाहेर जवान उभे होते. फायरिंग थांबलं होतं आणि ते जास्त वाईट वाटत होतं. मी भराभर सांगितलं की भादरलेलं डोकं म्हणजे बोडी, तलाव म्हणजेही बोडी, आणि समोरचे ऐकत असल्यामुळे त्याने नाव घेतलं नाही.

“पक्का?”

“पक्का, साब.”

खात्री कशी होती, हे मला नंतर चौकशीतही विचारलं गेलं. गूढ कोड्याचं उत्तर बरोबर असलं की ते दोन्हीकडून बसतं आणि सूत्रातला एकही शब्द उरत नाही. तुम्ही सोडवत असाल तर तुम्हाला कळेल. नसाल तर माझ्यावर विश्वास ठेवावा लागेल, जसा साहेबांनी ठेवला. मला पोती भरायला लावणाऱ्या त्या माणसाबद्दल मला आजही प्रेम वाटतं.

रिलीफ पार्टी रस्ता सोडून बांध्यांमधून गेली. साहेब स्वतः पुढे होते. आमची माणसं मागून गेल्यामुळे समोरचे गाफील सापडले. ते रस्त्याकडे तोंड करून बसले होते. थोडी झटापट झाली आणि ते जंगलात निघून गेले. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या मोरीखाली आणखी एक सुरुंग सापडला. तो रिलीफ पार्टीसाठी होता.

बोडीच्या पाळीआड आमची माणसं ओळीने पडलेली होती. बहुतेक जखमी, पण जिवंत. पवारच्या मांडीत गोळी होती. यादव साहेब रपट्यावरच गेले होते. रफीक संपलेला होता. दोनचा आकडा शेवटी खरा निघाला.

काय झालं ते पवारने मला नागपूरच्या हॉस्पिटलात सांगितलं. पाळीच्या खाली सेट पकडत नव्हता. वर चढलं तर पकडेल हे रफीकला माहीत होतं आणि वर चढलं तर काय होईल हेही माहीत होतं. तो पाळीवर चढला, बोलला, ‘ओव्हर’ म्हटल्यावर त्याला गोळी लागली. एक सेटलाही लागली. पवारने पायाला धरून त्याला खाली ओढलं. तो लगेच गेला नाही.

“बोडीतलं पानी टोपीत घेऊन पाजलं त्याला,” पवार म्हणाला. “दोन-तीन घोट प्याला. गढूळ हाय म्हनला.”

“अजून काही म्हनला?”

पवार छताकडे बघत होता. “म्हनला, मेश्रामले सुटलं असन का? मी म्हनलं, सुटलं असंल.”

मला तेव्हा रडू आलं. वॉर्डात बरीच माणसं होती.

घुग्घुसला मी अंत्यसंस्काराला जाऊ शकलो नाही, चौकशी चालू होती. तिथं मोठे अधिकारी आले होते, भाषणं झाली. ऑपरेटरने लिहिलेलं रिपोर्टात गेलं होतं आणि रिपोर्टातलं भाषणात आलं. मी साहेबांना सगळं सांगितलं होतं, साहेबांनी वर कळवलंही होतं, पण भाषण लिहिणाऱ्यापर्यंत ते पोहोचलं नाही. हे मला कळलं ते रफीकच्या आईकडून, निवृत्तीनंतर तिला भेटायला गेलो तेव्हा.

घर रस्त्यावरच आहे. समोरून कोळशाचे ट्रक जातात, शिफ्टवरून सुटलेले कामगार मोटारसायकलवर जातात, धूळ खाली बसत नाही. घरापुढे लिंबाखाली तीन रांजण मांडलेले होते, लाल कपडा गुंडाळलेले, साखळीला बांधलेले पेले. वर पत्र्याचं छप्पर. मी नाव सांगितलं. तिला ते माहीत होतं.

“रफीक फोनवर तुमचंच सांगे. मेश्राम भाऊनं आज कोडं घातलं म्हने.”

चहा झाला. मी रांजणांचं विचारलं.

“ते?” ती म्हणाली. “मोठा साहेब आला होता ना, त्यानं सांगितलं. माहा पोरगा आखरीले पाणी मांगून राह्यला होता म्हने. कोणी पोहोचलं नाई. तवापासून भरून राह्यली मी. रोज दोन्ही टाइम. या रस्त्यानं कोणी तहानेला जाऊ नये.” ती सांगताना रडली नाही. तिचं ते सांगून सांगून गुळगुळीत झालं होतं. “झोपेत बी आयकू येते मले. अम्मी, पाणी.”

मी हातातली बशी खाली ठेवली. इतकी वर्षं मी वायरलेसवर लोकांचे निरोप जसेच्या तसे पोहोचवले होते, आणि हा एक मलाच दिलेला निरोप या घरात चुकीचा पोहोचला होता.

“चाची,” मी म्हटलं, “तो पाणी मांगत नोता.”

“साहेब बोलला ना.”

“लिहून घेनाऱ्याले ते समजलं नाई. रफीक मले जागा सांगून राह्यला होता.”

मग मी तिला ते कोडं समजावलं. हजामत झाली की डोकं बोडकं होतं, त्याला बोडी म्हणतात हे तिला सांगावं लागलं नाही, सलूनवाल्याची बायको होती. पाण्याची बोडी मात्र घुग्घुसकडे नसते, तिने तो शब्द ऐकला नव्हता. मी हाताने पाळ दाखवली, पाणी दाखवलं, त्याची माणसं कुठे लपली होती ते दाखवलं. ती लक्ष देऊन बघत होती.

“मंग तुमी लोक तिथी गेले?”

“गेले. म्हून बाकीचे वाचले. पवार वाचला.”

“आन तो?”

“तो वर चढला होता, बोलाले.”

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. बाहेर एक ट्रक गेला आणि कपाटातल्या बश्या वाजल्या.

“मंग प्यासा नाई गेला तो?”

“नाई, चाची. पाणी जवळच होतं. पवारनं पाजलं त्याले आपल्या टोपीतून.”

“किती पेला?”

पवारने दोन-तीन घोट सांगितले होते.

“पोटभर,” मी म्हटलं.

तिने डोळे मिटले. मग ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाली, “मंग ठीक हाय.” आणि जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, “इतके दिवस मंग मी कोनाले पाजून राह्यली?”

कोळशाने काळा झालेला एक ड्रायव्हर रांजणापाशी येऊन उभा होता. त्याने झाकण उचलून आत पाहिलं आणि हाक मारली, “अम्मा, खाली है ये.”

“आती हूं, बेटा,” ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. मी तिच्या आधी उठलो, मोरीवरची भरलेली घागर उचलली आणि बाहेर नेऊन रांजणात ओतली.